सेवा कोणाची, हिशेब कोणाचा? बाल्टिमोरची एक कॅथलिक शाळा आणि आपण

मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे: वरच्या तिन्ही वर्णांची सेवा, आणि तीही मनात किंतु न आणता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती पोथी जळाली, पण तिच्यातला हा शब्द जळाला नाही. तो वतनात राहिला, मेलेले ढोर ओढण्यात राहिला, सरकारी टपाल घेऊन या गावाहून त्या गावाला धावण्यात राहिला. म्हणून ‘सेवा’ हा शब्द कानावर पडला की आंबेडकरी माणसाने आधी विचारले पाहिजे की ही सेवा कोणाची, करणार कोण आणि हुकूम कोणाचा?

हा प्रश्न आज काढण्याला कारण आहे. आपल्या शहरांतल्या नावाजलेल्या कॅथलिक शाळांमध्ये मुलांच्या ‘आध्यात्मिक घडणी’वर आणि ‘समाजसेवे’वर मोठा भर असतो. सकाळी प्रार्थना, वर्षातून एकदा मौनाचे शिबिर आणि ठरावीक तासांची समाजसेवा. ती करायला ही मुले कुठे जातात? बहुतेक वेळा आपल्या वस्तीत. वह्या वाटल्या जातात, बिस्किटे वाटली जातात, फोटो निघतो, मुलाच्या वहीत तास भरले जातात. ती मुले वाईट नसतात आणि त्यांच्या सिस्टर, फादरही वाईट नसतात. पण त्या वर्गात आपली मुले किती आणि त्या तासांच्या यादीत आपल्या वस्त्या किती, एवढे मोजून पाहिले की आपली जागा कळते. घडण त्यांची होते. आपण त्या घडणीचे साहित्य असतो.

यावर आपल्याकडे दोन बाजूंनी मोठ्या आवाजात बोलले जाते. हिंदुत्ववादी म्हणतात, मिशनऱ्यांची सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष. म्हणजे आपण इतके बावळट की वहीपुढे आपली अक्कल गहाण पडते! दुसरी बाजू आपल्यातलीच. ती म्हणते, मिशनरी नसते तर आपल्याला अक्षर दिसले नसते, तेव्हा टीका करू नका. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीमाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षण अहमदनगरला मिस फरारबाईंच्या संस्थेत झाले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण या दोन्ही बाजूंच्या चित्रात आपण हात पसरलेलेच दिसतो. एकाला तो हात झिडकारायचा आहे, दुसऱ्याला त्यावर काही ठेवायचे आहे, इतकाच फरक.

इतिहासात तिसरे चित्रही आहे. ज्यांची सेवा व्हायची त्यांनीच काढलेली, त्यांनीच चालवलेली कॅथलिक शाळा. त्यासाठी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जावे लागते. हे आम्ही ओढूनताणून जोडत नाही. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. सातासमुद्रापलीकडचा हा लढा आपला आहे हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी छापून ठेवले. पण त्या मुक्तीच्या कितीतरी आधी, मालकांच्या मेहेरबानीची वाट न पाहता काळ्या स्त्रियांनी काय केले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

१७९१ साली फ्रेंचांच्या सँ-दोमँग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला. त्यातून पुढे गुलामांनी स्वतः जिंकलेले राष्ट्र उभे राहिले. त्या धामधुमीत पळालेल्या लोकांची जहाजे १७९३ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या बंदराला लागली. त्यात गोरे मळेवाले होते, त्यांचे गुलाम होते आणि स्वतंत्र काळे कुटुंबकबिलेही होते. सगळे फ्रेंच बोलणारे, सगळे कॅथलिक. शहरातल्या सल्पिशियन धर्मगुरूंच्या सेमिनरीत यांतल्या काळ्या भाविकांसाठी मिस्सा होऊ लागली. कुठे? तळघरातल्या चॅपेलमध्ये. देव एकच, पण वरचा मजला वेगळा आणि खालचा वेगळा. आपल्याला हे नवीन नाही.

याच लोकांत एलिझाबेथ क्लॅरिस लँग नावाची एक स्त्री होती. मूळ हैतीतून क्युबात गेलेल्या कुटुंबातली, पुढे बाल्टिमोरला आलेली, शिकलेली, थोडा पैसा गाठीला असलेली. फेल्स पॉइंट या बंदराजवळच्या भागात तिने मारी मॅग्दलेन बालास या मैत्रिणीला सोबत घेऊन राहत्या घरात काळ्या मुलांसाठी फुकट शाळा चालवली. एक-दोन नव्हे, दहाएक वर्षे. ना चर्चचा आदेश, ना सरकारचे अनुदान. शहरात काळ्या मुलांसाठी सरकारी शाळा नव्हतीच. शेजारच्या व्हर्जिनियात काळ्यांना शिकवण्याविरुद्ध कायदे होत होते. मेरीलँडमध्ये तसा कायदा नव्हता, पण कायद्याची गरज तरी कुठे होती? याच फेल्स पॉइंटमध्ये १८२६ साली आठएक वर्षांचा एक गुलाम मुलगा राहायला आला. मालकीण त्याला अक्षरे शिकवू लागली आणि मालकाने तिला दटावले की हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून निकामी होईल. तो मुलगा म्हणजे फ्रेडरिक डग्लस. मालकाचे ते वाक्य हाच आपला पहिला धडा ठरला, असे त्याने पुढे लिहिले. शिक्षणाने माणूस गुलामगिरीला निकामी होतो हे मालकाला आपल्या आधी कळलेले असते.

आता फादर जूबेर यांच्याकडे येऊ. ते फ्रेंच, सँ-दोमँगमध्ये सरकारी नोकरीत होते, तिथून पळून आले आणि सल्पिशियन धर्मगुरू झाले. तळघरातल्या चॅपेलमध्ये काळ्या मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम त्यांच्याकडे होते. मुलांना प्रश्नोत्तरी पाठ होईना, कारण मुलांना वाचताच येत नव्हते. तेव्हा त्यांनी शाळेचा विचार केला आणि शोधत लँगबाईंकडे आले. म्हणजे बघा, चर्चला हवा होता धर्मोपदेश, आणि त्या वाटेत अक्षर आडवे आले. लँगबाईंकडे अक्षर आधीच होते. शिवाय आपल्याला व्रतस्थ व्हायचे आहे ही इच्छाही त्यांनी मनात कधीची धरली होती. पण काळ्या स्त्रीला कोणत्याही संघाचे दार उघडे नव्हते. फादर आले म्हणून शाळा सुरू झाली, असे अनेक वर्णनांत आढळते. ते अर्धेच खरे आहे. फादरांमुळे शाळेला चर्चची मान्यता मिळाली. शाळा आधीपासून होती.

१८२८ च्या जूनमध्ये भाड्याच्या घरात नवी शाळा उघडली, सुमारे वीस मुलींची. २ जुलै १८२९ रोजी लँग, बालास, रोझीन बोग आणि तेरेसा दुशमँ या चौघींनी व्रत घेतले. ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स हा आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचा टिकून राहिलेला पहिला कॅथलिक संघ त्या दिवशी उभा राहिला आणि एलिझाबेथ लँग मदर मेरी लँग झाल्या. १८३१ साली रोमची मान्यता आली. हा दिवस कोणत्या अमेरिकेतला आहे ते ध्यानात घ्या. काळी स्त्री बाजारात किमतीने विकली जात होती. तिच्या शरीरावर तिचा हक्क नाही असे कायदा म्हणत होता. अशा राज्यात चार काळ्या स्त्रिया ब्रह्मचर्याचे व्रत घेतात, म्हणजे आपल्या देहाचा निर्णय आपला आहे असे जाहीर करतात. व्रतस्थ जीवनाविषयी आमचे मत काही वेगळे असेल, पण या कृतीतले बंड न दिसणारा डोळा आंधळाच म्हणावा लागेल. गोऱ्या कॅथलिकांना ते बरोबर दिसले. काळ्या बाईने धर्मभगिनीचा पवित्र वेष अंगावर घालावा हे त्यांच्यातल्या अनेकांना खपले नाही. आपल्याकडे चवदार तळ्यावर पाण्याला हात लागला तेव्हा जे पोटात दुखले तेच हे.

शाळेत धर्म, इंग्रजी, फ्रेंच, लेखन, अंकगणित शिकवत. शिवण, भरतकाम, धुणे आणि इस्त्रीही शिकवत. शाळेच्या जाहिरातीत लिहिलेले असे की इथल्या मुली पुढे आया होतील, नाहीतर चांगल्या घरांत मोलकरणी होतील, म्हणून त्यांना सद्गुण आणि कामाची सवय लावली जाते. हे वाचून आम्हाला राग येतो. शिकवायचे ते मोलकरीण होण्यासाठी? पण जरा थांबून पाहिले पाहिजे. ही जाहिरात गोऱ्या वर्गणीदारांनी वाचायची होती. वर्गात मात्र त्याच मुली फ्रेंच शिकत होत्या. ज्या शहरात फ्रेंच ही प्रतिष्ठितांची भाषा, तिथे मोलकरणीला फ्रेंच कशाला लागते? दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे ठेवण्याची ही कला दडपलेल्या माणसांना शिकावी लागते. शिवाय या शाळेत अनाथ मुली सांभाळल्या जात आणि पुढे गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रियांनाही संघात घेतले गेले. स्वतंत्र जन्मलेली आणि विकत घेऊन सुटलेली एकाच वेषात, एकाच पंगतीत. आपल्यातल्या पोटजाती अजून वेगवेगळी मंगल कार्यालये शोधतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१८३२ साली शहरात पटकीची साथ आली. भिक्षागृहात रोग्यांची शुश्रूषा करायला माणसे मिळेनात. ऑब्लेट भगिनींना विचारणा झाली तेव्हा सगळ्यांनी तयारी दाखवली आणि चौघी गेल्या. त्यांतल्या सिस्टर अँथनी, तेरेसा दुशमँ यांच्या आई, नंतर आर्चबिशपांच्या घरी शुश्रूषेला गेल्या. आर्चबिशप वाचले. त्यांच्या कारभारणीची सेवा करताना सिस्टर अँथनींना लागण झाली आणि त्या गेल्या. हे वाचताना महाराष्ट्रातल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे १८९७ चे पुणे उभे राहील. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर पाठीवर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या सावित्रीमाई, आणि १० मार्चला त्याच प्लेगने झालेला त्यांचा मृत्यू. या दोघींच्या सेवेला कोणी तास मोजून गुण दिले नाहीत.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे १८३५ सालचे एक पत्र. सेमिनरीत घरकामाला माणसे हवी होती. स्वयंपाकपाणी, साफसफाई, कपडे. शाळेला पैशांची चणचण होती आणि सल्पिशियन तर त्यांचे आधारस्तंभ. नाही म्हणणे अवघड. मदर लँग यांनी हो म्हटले, पण आधी अटी लिहून पाठवल्या. पत्राचा आशय असा की आम्ही काळ्या आहोत आणि व्रतस्थही आहोत, या दोन्हींची सांगड घालणे किती अवघड आहे ते आम्ही लपवत नाही. आम्हाला उद्धट दिसायचे नाही, पण ज्या व्रताचा आणि ज्या वेषाचा आम्ही स्वीकार केला त्याला देय असलेला मानही आम्ही सोडणार नाही. मग पुढे कामाच्या अटी: आम्ही आमच्या नियमाने राहू, आमच्या प्रार्थनेच्या वेळा पाळू, इतर नोकरांशी आणि बाहेरच्यांशी आमचा संबंध कामापुरताच राहील.

अत्यंत मवाळ शब्दांतले हे पत्र आहे. आजचा एखादा तडफदार कार्यकर्ता म्हणेल की घरकामच कशाला पत्करले? आम्हाला तसे वाटत नाही. भांडे तेच, झाडू तोच, स्वयंपाकघरही तेच. पण अट घालणारा माणूस आणि हुकूम झेलणारा माणूस यांच्यात वेठ आणि काम यांच्यातले अंतर असते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच अंतरासाठी. चोवीस तास कोणाच्याही हाकेला ओ देण्याचे बंधन तोडायचे, कामाचा रास्त मोबदला घ्यायचा. काम करायला आपला समाज कधीच लाजला नाही. अटी घालायला शिकवले ते बाबासाहेबांनी.

आता दुसऱ्या कॅथलिक संस्थेकडे वळू, बाल्टिमोरपासून साठेक किलोमीटरवर. जेझुइटांचे जॉर्जटाउन कॉलेज. १७८९ साली स्थापन झालेले, मुलांच्या चारित्र्यघडणीसाठी नावाजलेले, आजही अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत गणले जाणारे. मेरीलँडच्या जेझुइटांचे तंबाखूचे आणि धान्याचे मोठे मळे होते आणि त्यांवर राबणारे गुलाम जेझुइटांच्या मालकीचे होते. त्या गुलामांना बाप्तिस्मा मिळे, त्यांची लग्ने चर्चमध्ये लागत, त्यांनाही प्रार्थना शिकवल्या जात. आध्यात्मिक घडण त्यांचीही चाललेली होतीच!

जून १८३८ मध्ये जेझुइटांचे प्रांताधिकारी फादर थॉमस मलेडी यांनी करार करून २७२ माणसे लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. किंमत १,१५,००० डॉलर. खरेदीदारांत लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन होते. यादीत तान्ही मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत. रोमहून जेझुइटांचे प्रमुख रोथान यांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबे तोडू नका, त्यांना धर्म पाळता येईल असे पाहा, पैसा कर्ज फेडायला वापरू नका. तिन्ही अटी मोडल्या गेल्या. आलेल्या पैशातला काही भाग कॉलेजचे कर्ज फेडण्यात गेला. मलेडींना युरोपात बोलावून घेतले गेले, पण १८४५ साली ते पुन्हा त्याच कॉलेजचे अध्यक्ष झाले. या विक्रीनंतर दीड वर्षाने, डिसेंबर १८३९ मध्ये, पोपने गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले, तेव्हा अमेरिकेतल्या बिशपांनी त्याचा अर्थ लावला की हा निषेध समुद्रापारच्या व्यापाराचा आहे, घरच्या गुलामगिरीचा नाही. शास्त्रार्थ करून पळवाट काढण्यात फक्त आपलेच शास्त्री पटाईत आहेत असे नव्हे.

या दोन संस्थांना जोडणारी एक स्त्री आहे. अ‍ॅन मारी बेक्राफ्ट. स्वतंत्र काळ्या कुटुंबातली, जॉर्जटाउन गावातली. पंधराव्या वर्षी, १८२० साली, तिने काळ्या मुलींची शाळा काढली. कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर होते. १८३१ मध्ये ती बाल्टिमोरला जाऊन मदर लँग यांच्या संघात सामील झाली आणि दोन वर्षांत, अठ्ठाविसाव्या वर्षी वारली. एकाच गावात एका टेकडीवर कॅथलिक कॉलेज आणि त्याच गावात ही कॅथलिक मुलगी. दोघांचा येशू एक, प्रार्थना एक, प्रश्नोत्तरी एक. तरी एकाच्या हिशेबवहीत माणसे मालमत्तेच्या रकान्यात होती आणि दुसरी त्याच माणसांच्या मुलींना वाचायला शिकवत होती. मग घडवले कशाने? धर्मग्रंथाने घडवले असते तर दोघेही सारखेच घडले असते.

१८४३ साली फादर जूबेर गेले आणि ऑब्लेट भगिनींचे वाईट दिवस आले. आर्चबिशपांना काळ्या धर्मभगिनींची गरजच वाटत नव्हती. चार वर्षे त्यांना कोणी मार्गदर्शक नेमला नाही, मुलींची संख्या रोडावली. भगिनी लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून, शिवणकाम करून शाळा चालवत राहिल्या. १८४७ मध्ये रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर अँवान्डर मदतीला आले आणि शाळा पुन्हा उभी राहिली. १८७१ साली ती चेस स्ट्रीटवर गेली, तुरुंगाच्या शेजारी. सेंट फ्रान्सिस अकादमी नावाने ती आजही तिथेच आहे. मदर लँग १८८२ मध्ये वारल्या. २०२३ साली रोमने त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले. चर्चला संतपदाच्या वाटेवरची ही पायरी गाठायला एकशे एकेचाळीस वर्षे लागली, त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. ती त्यांची घरची बाब आहे.

जॉर्जटाउनची पुढची गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. २०१५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी मलेडीच्या नावाच्या इमारतीविरुद्ध धरणे धरले. २०१७ साली विद्यापीठाने आणि जेझुइटांनी माफी मागितली. एका इमारतीला विकलेल्यांच्या यादीतले पहिले नाव, आयझॅक हॉकिन्स, दिले गेले आणि दुसरीला अ‍ॅन मारी बेक्राफ्ट. वंशजांना प्रवेशात विशेष विचार मिळू लागला. पण विद्यार्थी तिथे थांबले नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी मतदान घेतले की प्रत्येक विद्यार्थ्याने दर सहामाहीला २७ डॉलर २० सेंट द्यावेत आणि तो पैसा वंशजांसाठी जावा. २७२ माणसांची आठवण ठेवणारा आकडा. सुमारे दोन-तृतीयांश मतांनी ठराव मंजूर झाला. विद्यापीठाने काय केले? सक्तीची फी नको म्हणून ऐच्छिक देणग्यांतून वर्षाला सुमारे चार लाख डॉलरचा निधी उभारण्याचे जाहीर केले, वंशजांच्या समाजातल्या उपक्रमांसाठी. ठराव मांडणाऱ्यांनी याला विरोध केला. आम्हाला त्यांचेच म्हणणे पटते. फी म्हणजे कर्ज मान्य केले. निधी म्हणजे पुन्हा दान. कर्जाला तारीख असते, रक्कम असते, आणि मागणारा हक्काने मागतो. दानात यातले काहीच नसते, उलट घेणाऱ्याने आभार मानायचे असतात.

जेझुइटांच्या आतूनही हा प्रश्न उठला आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ३१ जुलै १९७३ रोजी त्यांचे प्रमुख पेद्रो अरूपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनात विचारले की आम्ही तुम्हाला न्यायासाठी शिकवले का? आणि स्वतःच उत्तर दिले की नाही, शिकवले नाही. समोर सुखवस्तू घरांतली माणसे बसली होती. काहींना ते झोंबले. जगभरच्या जेझुइट शाळांत ‘दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे’ हे घोषवाक्य रुजले ते तिथून, आणि समाजसेवेच्या कार्यक्रमांना त्याने नवी धार आली. घोषवाक्य चांगले आहे. पण ‘दुसरा’ म्हणजे कोण? वर्गात बसलेला मुलगा स्वतःच तो ‘दुसरा’ असेल तर त्याने कोणासाठी जगायचे, याचे उत्तर त्यात नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न अरूपेंच्या चाळीस वर्षे आधी विचारला होता, तोही चर्चला नव्हे तर गांधींच्या माणसांना. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ निघाला, जो पुढे हरिजन सेवक संघ झाला, त्याचे कार्य कसे असावे हे सांगणारे पत्र बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये विलायतेला जाताना जहाजावरून ठक्करबाप्पांना लिहिले. त्यात ते म्हणतात की कामाच्या दोन रीती आहेत. एक रीत मानते की माणूस दुःखी आहे तो त्याच्या दुर्गुणांमुळे, म्हणून त्याला संयम शिकवा, ग्रंथालय द्या, व्यायामशाळा द्या. दुसरी रीत मानते की परिस्थितीच त्याला गाडते आहे, म्हणून परिस्थिती बदला: नागरी हक्कांसाठी झगडा, कामात समान संधी मिळवून द्या, स्पृश्य-अस्पृश्यांचे घरोघरी मिसळणे घडवा. आणि हे काम करणारे कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्या. संघाने पहिली रीत उचलली. कारभारात अस्पृश्यांना जागा द्या अशी मागणी झाली तेव्हा गांधींचे उत्तर होते की हे हिंदूंनी आपल्या पापाचे करायचे प्रायश्चित्त आहे, तेव्हा ते हिंदूंनीच चालवावे. प्रायश्चित्ताने शुद्ध होतो तो प्रायश्चित्त घेणारा! ज्याच्यावर अन्याय झाला तो कोपऱ्यात उभा राहून त्याची शुद्धी पाहतो. शाळेच्या वहीत भरणारे समाजसेवेचे तास आणि हा ‘सेवक’ संघ यांची जात एकच आहे.

ख्रिस्ती मिशनांनाही बाबासाहेबांनी सोडले नाही. तत्त्व म्हणून त्यांना ख्रिस्ताविषयी आदर होता. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला मोहून टाकले असे ते म्हणाले. पण त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हे त्यांनी तोंडावर सांगितले आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध लढ्यात उतरत नाही हेही सांगितले. त्यात पुढे फारसा फरक पडला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. धर्म बदलला म्हणून जात सुटली असे सरकार म्हणते, आणि चर्चच्या दफनभूमीत जातीची भिंत उभी असते. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच कबूल केले की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. त्यांच्याच शाळांच्या वर्गात दलित ख्रिस्ती मुलगा किती आणि कोणत्या बाकावर आहे, हा प्रश्न आपण त्याच्या बाजूने विचारला पाहिजे. तो बौद्ध नाही म्हणून तो आपला नाही, असे म्हणणे आम्हाला मान्य नाही.

आपल्याकडे मदर लँग यांच्यासारखे काही झाले का? झाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादचे मिलिंद. या संस्थांत शिक्षणाबरोबर शीलही यावे असा बाबासाहेबांचा आग्रह होता. शीलाशिवाय शिकलेला माणूस अशिक्षितापेक्षा घातक, हे ते वारंवार बजावत. तीच आपली ‘आध्यात्मिक घडण’, हवा तर तो शब्द घ्या. पण आज आपल्या संस्थांकडे आणि आपल्या मंडळांकडे पाहिले तर? जयंतीला वह्यावाटप आपणही करतो. मंचावर नेता बसतो, खाली पोरांची रांग लागते, फोटो निघतो. कॉन्व्हेंटच्या मुलांत आणि आपल्यात मग फरक काय राहिला? एवढाच की त्यांच्या वहीत तास तरी भरले जातात.

ज्या तरुणांची मुले, भावंडे कॅथलिक शाळांत आहेत त्यांनी पालकसभेत उठून तीन गोष्टी विचाराव्यात असे आम्हाला वाटते. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागा विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत. मग या शाळेने आपल्या मनाने वस्तीतल्या किती मुलांना प्रवेश दिला? समाजसेवेचा कार्यक्रम ठरवताना वस्तीतले कोणी त्या बैठकीत असते का? आणि वर्षातले काही तास तरी उलट्या दिशेने असतील का, म्हणजे वस्तीतल्या कोणी वर्गात येऊन मुलांना शिकवावे? गटारात उतरणाऱ्या कामगाराने मुलांना सांगावे की तो कोणत्या ठेकेदाराकडे आहे, पगार किती, मास्क मिळतो का. आणि पुढच्या वेळी शाळेची मुले वह्या घेऊन वस्तीत आली तर त्यांना हाकलू नका. बुद्धविहारात बसवा, पाणी द्या, आपल्या पोरांना त्यांच्या शेजारी बसवा आणि चेस स्ट्रीटवरच्या त्या शाळेची गोष्ट आपल्या एखाद्या मुलीला त्यांना सांगू द्या.